नंबर नको, नाव जुळव

आयुष्यात सर्वांत मोठं ऋण कुणाचं, असं मला कुणी विचारलं, तर आईवडिलांच्या खालोखाल मी एकच नाव घेतो : कौतिकाबाई. नागपुरात महाल भागातल्या ज्या छापखान्यात मी उमेदीची वर्षं काढली, तिथं त्या खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायच्या. सगळे त्यांना खिळेवाली मावशी म्हणत. मीही मावशीच म्हणत आलो. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. वाचायला शिकल्या त्या थेट शिशाच्या खिळ्यांवरून, म्हणजे उलट्या अक्षरांवरून. त्यामुळे जुळवलेला मजकूर त्या बोट फिरवत सरसर वाचायच्या, आणि तोच छापून सुलटा झाला की अडखळायच्या. वर्तमानपत्र हातात दिलं की परत माझ्याकडे सरकवायच्या. "हे उलटं छापलं हाय बाप्पा. तू वाच."

मावशींना आपल्या कामाची घमेंड होती आणि ती लपवण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. ठेंगणी मूर्ती, काठाचं हिरवं लुगडं, शिशानं काळवंडलेली बोटं आणि आवाज असा की छपाईचं ट्रेडल मशीन चालू असतानाही रस्त्यावर ऐकू जावा. "या महालात माह्याएवढं साफ कोणी जुळवत असन तं आना. मी त्याले चहा पाजते," असं त्या नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगत. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. पण त्यांच्या बोलण्यात एकटेपणाचा सूर मी कधी ऐकला नाही. छापखान्यातली दहा माणसं त्या घरच्यासारखी झापत असत, मालकांसकट.

मी पवनीचा. घरी हातमाग. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. पवनीच्या शाळेतून नागपूरच्या कॉलेजात आलो, तेव्हा इंग्रजीतून शिकवलं जाणारं शास्त्र माझ्यापुढे भिंतीसारखं उभं राहिलं. सकाळी कॉलेज, दुपारनंतर छापखान्यात प्रुफं तपासणं, असा माझा क्रम होता. दुसऱ्या वर्षी भौतिकशास्त्रात नापास झालो आणि ट्रंक बांधली. निरोप घ्यायला मावशींकडे गेलो, तर त्यांनी हातातल्या, खिळे जुळवायच्या स्टिकवरून नजरही उचलली नाही.

"गावाले जाऊन काय करशीन?"

"मागावर बसेन."

"बस. माग काही वाईट नाई. पण अर्धा फर्मा जुळवून कोणी उठते का गा? पुरा कर. मंग आवडला नाई तं सोड. पुरा करून सोडलेलं अन् अर्ध्यात टाकलेलं, यात लय फरक राहते."

मी ट्रंक उघडली. पुढे बी.एस्सी. झालो, त्या दिवशी मावशींनी भिंतीवरच्या जाहिरातींसाठी ठेवलेल्या मोठ्या लाकडी टायपात 'वामन बी.एस्सी.' अशी अक्षरं जुळवली, एक कागद काढला आणि तो आपल्या खिळ्यांच्या पेट्यांच्या वर भिंतीला चिकटवला. मी नागपूर सोडेपर्यंत तो तिथंच होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या बोटानं दाखवत. "आमचा पोरगा. हा नाई, तो प्रुफं पाहून राहिला तो." मालकांनी मला प्रुफांवरून काढून यंत्रांच्या देखरेखीवर नेमलं, तेही मावशी त्यांच्या मागे लागल्या म्हणून.

दुपारी डबा उघडला की अर्धी भाकर माझ्याकडे सरकायची. त्या बौद्ध, मी कोष्ट्याचा. पवनीला ही बातमी पोचली तेव्हा आजोबा माझ्याशी बोलेनासे झाले. आईनं मात्र पुढच्या खेपेला जवसाच्या चटणीचा डबा माझ्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "त्या बाईले दे." मावशींनी ती चटणी चाटून पाहिली आणि लगेच विचारलं, "तुह्या घरी हे कसं करतात गा?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न होता. भाजी असो, धुणं असो, मागाची दोरी असो, "तुह्या घरी कसं करतात?" कॉलेजात मी माझं घर लपवत होतो. मावशींपुढे मला त्याचं वर्णन करावं लागायचं, आणि वर्णन करता करता ते मला आवडू लागलं.

छापखान्याच्या कोपऱ्यात लेबलं छापायचं एक भलंमोठं यंत्र होतं. मालकांनी ते खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांसाठी घेतलं होतं. एका बाजूनं डिंक लावलेल्या कागदाचं रीळ आत जायचं, दुसऱ्या बाजूनं कापलेली लेबलं टपाटप पडायची. एकाच ठशाची, हजारोंनी. पुढे ती औषध कंपनी लेबलं मुंबईला छापून घेऊ लागली आणि यंत्र बंद पडलं. मावशींनी त्याचं नाव ठेवलं होतं सासू. "बसली हाय कोपऱ्यात. जागा खाते, काम काही नाई, अन् हात लावला का कुरकुरते." मालकांनी ते भंगारात काढायचं ठरवलं होतं.

अशात एका दुपारी मावशींची भाची सुजाता छापखान्यात आली. धाकट्या बहिणीची ही मुलगी भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आलेली, सक्करदऱ्याजवळच्या मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होती. तिच्या मानेवर मागच्या बाजूला फोड आले होते.

"काय झालं वं मानेले?"

"बिब्बा उतला, मावशे. आमच्या खोलीतल्या आणखी दोघींना उतलाय."

त्या काळी लाँड्रीवाले कपडे ओळखण्यासाठी कॉलरीच्या आत बिब्ब्याच्या तेलानं नंबर घालत. ती खूण कपडा फाटला तरी जात नाही. पण तेच तेल कुणाकुणाच्या कातडीला सोसत नाही. सुजाताला मात्र मानेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची गंमत वाटत होती. ती हसत म्हणाली, "आता मला तिथं कुणी सुजाता म्हणत नाही. कपडे वाटताना वॉर्डनबाई ओरडतात, पंचेचाळीस! की मी धावते."

मावशींचा हात थांबला. बोलताना, भांडताना, रडतानासुद्धा त्यांचा हात खिळे उचलत राहायचा. तो थांबलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. सुजाता गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "माही माय कापडगिरणीत होती. गळ्यात पितळेचा बिल्ला, एकशे बारा. साच्यावरच चक्कर येऊन पडली अन् गेली. गिरणीचा माणूस आमच्या दारात येऊन सांगते, एकशे बारा वारली. माह्या बापाले समजलंच नाई कोण वारली ते. तो म्हणे, नाव सांगा. तं तो म्हणते, नाव आमच्याजवळ नाई." मग त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. "तू बी.एस्सी. ना गा? या सासूले पोरींची नावं छापाले लाव. कापडाच्या पट्टीवर. एकीचं एक, दुसरीचं दुसरं. नंबर नको, नाव जुळव."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन वसतिगृहात गेल्या. वॉर्डनबाई शांत, सरळ स्वभावाच्या होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "जूनमध्ये वसतिगृह उघडेल तेव्हा प्रत्येक कपड्यावर खूण हवीच, नाही तर लाँड्रीवाला कपडे घेणार नाही. तोपर्यंत धुऊन न जाणाऱ्या पट्ट्या दाखवल्यात तर मी समितीकडून मान्य करून घेईन. नाही जमलं तर बिब्बाच." मालकांनीही मुदत तीच दिली. "जूनपर्यंत भंगारवाल्याला थोपवतो. पण मावशी, फसलं तर पुन्हा सासूचं नाव काढायचं नाही."

"फसत नाई," मावशी म्हणाल्या. "पोराले बी.एस्सी. उगीच नाई केलं."

माझी मात्र एवढी खात्री नव्हती. त्या यंत्राचा जन्मच एकसारखं छापण्यासाठी झाला होता. एकदा मोटरचा पट्टा चढवला की ते थांबायला तयार नसे, आणि त्याच्या पोटातला ठसा कायमचा आवळलेला असे. आम्हाला नेमकं उलटं हवं होतं : एक दाब, एक पट्टी, मग थांबणं, आणि मनात येईल तेव्हा नाव बदलता येणं. मी मोटरचा पट्टा उतरवला आणि जुन्या शिलाई मशीनचं पायडल जोडलं. पण पायडल मारलं की कापडी फीत कधी बोटभर पुढे सरके, कधी वीतभर. मावशी माझ्यामागे उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "तुह्या घरी कसं करतात?" आणि मला बाबांचा माग दिसला. विणलेलं कापड गुंडाळणाऱ्या रुळाला एक दातेरी चाक असतं, त्यात एक खिटी अडकते आणि रूळ मागेही जात नाही, पुढेही धावत नाही. मी पवनीला जाऊन बाबांना विचारून तसं चाक मोजून आणलं. बाबांनी पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाविषयी काही विचारलं. "कॉलेजात माग शिकवतात का?"

ठसा आवळायची जागा मी करवतीनं कापून काढली आणि तिथं खाच केली. त्या खाचेत बसतील अशा पितळेच्या चपट्या डब्या बनवून घेतल्या. मावशींनी एकेका डबीत एकेक नाव जुळवायचं, डबी आत सारायची, त्या मुलीला लागतील तेवढ्या पट्ट्या काढायच्या, डबी ओढून पुढची सारायची. मी करवत चालवत होतो तेव्हा ट्रेडलवरचे नत्थूभाऊ ओरडले, "अबे, सासूचे दात पाडून राहिला का?"

"दात नाई पाडत," मावशी म्हणाल्या. "बोलाले शिकवून राहिला तिले."

फितीचा दुसरा त्रास होता. कागदासारखी ती ताठ राहत नसे. रुळाखाली ताणली जायची आणि अक्षरं लांबट उमटायची. ह्यालाही उत्तर घरचंच निघालं. सूत तुटू नये म्हणून आम्ही ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, भाताच्या पेजेची खळ लावतो. फितीला खळ लावली, वाळवली, इस्त्री फिरवली, आणि ती कागदाइतकी कडक झाली. पहिली पट्टी खटकन कापली जाऊन खाली पडली, तेव्हा मावशींनी ती उचलली. सुलटं अक्षर असूनही एका दमात वाचली : "सुजाता." आणि माझ्या पाठीवर असा धपाटा घातला की मी यंत्रावर आदळलो.

ती पट्टी एका जुन्या परकराला शिवून लाँड्रीत दिली. सोड्याच्या भट्टीतून परकर परत आला तेव्हा तिच्यावर नावाची नुसती शिरोरेषा उरली होती. मावशींनी ती उजेडात धरली. "पाह्य. डोक्यावरची रेघ राहिली, पोरगी वाहून गेली." नत्थूभाऊ म्हणाले, "मावशी, बिब्ब्याशी कोणी जिंकलं हाय का?" त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो. आईची चटणी भाकरीवर होती. तिच्याकडे पाहता पाहता मला वर्गातला एक तास आठवला : काही तेलं हवेत नुसती सुकत नाहीत, घट्ट होऊन कातडीसारखी जमतात, आणि मग पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यांत पहिलं नाव जवसाच्या तेलाचं होतं. परीक्षेत मी ते पाठ करून लिहिलं होतं. आपल्या गावच्या घाण्यावर निघतं ते हेच, हे मात्र तेव्हा मनात आलं नव्हतं.

छापखान्याच्या मागच्या अंगणात मी शेगडीवर जवसाचं तेल कढवलं आणि शाईत मिसळलं. वास साऱ्या गल्लीत पसरला. नत्थूभाऊंनी भज्यांची चौकशी केली. कढवलेल्या तेलाची ती शाई फितीत मुरली खरी, पण ती पक्की व्हायला साऱ्या पट्ट्यांना तासन्‌तास सारखी कडक आच हवी होती, आणि शेगडीवर ते जमणारं नव्हतं. मावशींनी माझा हात धरला आणि मला गच्चीवर नेलं. मे महिन्याची दुपार होती. चपलेतूनही गच्ची पोळत होती. "साऱ्या नागपूरच्या शिव्या खाते हे ऊन," त्या म्हणाल्या, "आता जरा कामाले लाव त्याले." आम्ही दोऱ्या बांधून पट्ट्या वाळत घातल्या. शेजारच्या गच्चीवरून एक काकू ओरडल्या, "मावशी, यंदा शेवया लय केल्या वाटते!"

"हो ना," मावशी ओरडल्या. "तुमच्या पोरीच्या लग्नाले पाठवते."

उन्हात भाजून निघालेल्या पट्ट्या पुन्हा भट्टीत गेल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. परकराचा रंग विटला, 'सुजाता' तशीच राहिली. वॉर्डनबाईंनी नखानं अक्षर खरडून पाहिलं आणि मुलींच्या नावांची यादी आमच्या हाती दिली.

त्या यादीतली आडनावं मावशींनी माझ्याकडून वाचून घेतली आणि सोडून दिली. "आडनाव नको. लोकं आधी आडनाव वाचतात, मंग पोरीले पाहतात. नुसतं नाव." नावं वाचताना त्यांचा चेहरा उजळत गेला. यादीत सुजाताच सुजाता होत्या. मग विशाखा, मग यशोधरा, गौतमी. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर जन्मलेल्या या मुली. आईबापांनी जुनी नावं मागे टाकून मोठ्या हौसेनं ही नवी नावं ठेवलेली. "आणखी एक सुजाता?" मावशी टाळी वाजवत. "वाच, वाच." प्रत्येक सुजाता त्यांना स्वतःची जीत वाटत होती. मीही माझ्या हुशारीवर खूश होतो. नाव तेच आहे तर डबी कशाला बदलायची? एकच डबी सारली आणि फीत लांब सोडली. जूनमध्ये वसतिगृह उघडलं, मुलींनी पट्ट्या शिवल्या, कपडे लाँड्रीत गेले.

आणि आठवड्यानं वॉर्डनबाई एक गाठोडं घेऊन छापखान्यात आल्या. टेबलावर ते सोडून त्यांनी शांतपणे विचारलं, "मावशी, ह्या साऱ्या सुजाता आहेत. कुठली कुणाची?"

मी खाली पाहत होतो. प्रत्येक पट्टी वेगळी छापता यावी म्हणून एवढा खटाटोप केला, आणि शेवटी सासूकडून पुन्हा एकसारखंच छापून घेतलं! मग मावशी हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "नाव आलं म्हणून एवढी हरखली मी, का पोरींच्या गर्दीत पोरगीच हरवून बसली."

वॉर्डनबाई म्हणाल्या, "नावापुढे नंबर टाका. सुजाता एक, सुजाता दोन."

"पुन्हा नंबर?"

मालक म्हणाले, "मग आडनाव."

"नाई."

"मावशी, हट्ट पुरे. समितीची बैठक तोंडावर आहे. त्यांना हा घोळ कळला तर लाँड्रीवाला बिब्बा घेऊन बसलाच आहे." वॉर्डनबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "वडिलांचं नाव टाका आणि मोकळे व्हा."

मावशी त्या गाठोड्यातला एक परकर हातात घेऊन उलटसुलट पाहत होत्या. त्याचा फाटलेला काठ कुणीतरी बारीक टाक्यांनी शिवला होता. "हे टाके बापानं घातले नसन," त्या म्हणाल्या. "पेटी कोणं भरली? कपडे कोणं बांधून देल्ले? मायनं. तं मायचं नाव टाका."

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. त्या काळी आईचं नाव कुठंच लिहायची पद्धत नव्हती. वॉर्डनबाईंनी तो परकर घडी करून गाठोड्यात ठेवला. मग म्हणाल्या, "उद्या नावं आणते."

नावं आणणं वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. लग्नात आपल्याकडे मुलीचं नाव बदलतात. मुलींना आईची दोन-दोन नावं ठाऊक होती, एक आजोळचं, एक घरचं. कोणतं लिहायचं? मावशी म्हणाल्या, ज्याचं त्याले विचारा. मुलींनी घरी पोस्टकार्डं टाकली. उलट टपाली उत्तरं आली, कुणी शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेली. बऱ्याच आयांनी माहेरचं नाव कळवलं होतं. एकीनं लिहवलं होतं, "या नावानं मला कोणी हाक मारून वीस वर्षं झाली. तेच छापा."

मी खाच रुंद केली, डब्यांना दुसरी ओळ दिली. मावशींनी डब्या नव्यानं जुळवल्या. सुजाता, आई धुरपता. सुजाता, आई जनी. विशाखा, आई सारजा. वर नवी नावं, खाली जुनी. जुळवताना त्या प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत. शिशाच्या खिळ्यात ही नावं आधी कधी जुळली नसतील, असं त्या वारंवार म्हणत. मध्येच थांबून म्हणाल्या, "एवढ्या मायांची नावं झाली, पण खाली माह्यं नाव असलेली पट्टी एक नाई, पाह्य." आणि पुढचं नाव उचललं.

समितीच्या बैठकीत वॉर्डनबाईंनी पट्ट्या पुढे ठेवल्या. सुजातानं नंतर येऊन सांगितलं की समितीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी पट्टी हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "बिब्बा बंद." मावशींनी हे मला तीनदा सांगायला लावलं. मग त्या सासूजवळ गेल्या, तिच्या लोखंडी कुशीवर हात ठेवला आणि स्वतः जुळवून ठेवलेली एक डबी आत सारली. पायडल त्यांनीच मारलं. पट्टी पडली : कौतिका, आई सोना. त्या पट्टीचं त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. पुढे कधीतरी पाहिलं, तर ती खिळ्यांच्या पेटीच्या पहिल्या खान्यात, 'अ'च्या खिळ्यांखाली घडी करून ठेवलेली होती.

सासू भंगारात गेली नाही. दुसऱ्या वसतिगृहांची कामं आली, रुग्णालयांची आली, गांधीबागेतले कापडवाले तयार कपड्यांसाठी गिऱ्हाइकाच्या नावाच्या पट्ट्या मागू लागले. मालक पाहुण्यांना यंत्र दाखवत तेव्हा "आमच्या वामननं केलंय" म्हणत, आणि मावशी मागून ओरडत, "त्याच्या बापाच्या मागावरून केलं, ते पण सांगा."

पुढे मला पुण्याजवळ छपाईची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं की तुम्ही स्वतः काय केलं आहे. मी खिशातून एक पट्टी काढून टेबलावर ठेवली होती. निघताना मावशी स्टेशनवर आल्या नाहीत. "गाडी सुटताना माह्याच्यानं पाहवत नाई," म्हणाल्या. हातात पट्ट्यांचं एक पुडकं दिलं. वामन, आई गिरजा. "कॉलरीत शिव. मोठा साहेब झाला तं आरशात नको पाहू, कॉलर पाह्य." आजही माझ्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरीत ती पट्टी असते.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची भाची सुजाता शाळेत मुख्याध्यापिका आहे. मावशींच्या पेटीत निघालेलं माझं एक पत्र तिनं अलीकडे मला परत पाठवलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लिहिलेलं. त्याला उत्तर आलं नव्हतं, कारण मावशींना कागदावर लिहिण्याचा कंटाळा. आलं होतं ते पट्ट्यांचं पार्सल. मी मागितलेली सगळी नावं त्यात होती, एकही गाळलेलं नव्हतं. ते पत्र असं :

"तीर्थरूप मावशीस वामनचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र सुजाता तुम्हाला वाचून दाखवेल. मी सुखरूप आहे. इथं माझ्या हाताखाली एक खातं दिलं आहे. कामगारांच्या निळ्या कपड्यांवर छातीशी नंबर असतात. पहिल्या दिवशी मी एकाला हाक मारायला गेलो आणि माझ्या तोंडून नंबर निघाला. मला तुमचा थांबलेला हात दिसला. मी साहेबांना भेटलो. बरंच बोलणं झालं. शेवटी ते म्हणाले, तुमच्या खात्यापुरतं करून पाहा.

मी सगळ्यांना स्वतःचं आणि आईचं नाव विचारलं. आधी हसले. एक जण म्हणाला, साहेब, रेशनकार्ड काढताय का? दुसऱ्या दिवशी मात्र प्रत्येक जण नाव घेऊन आला. एक वयस्क फिटर आहेत, त्यांची आई गावी असते. ते रजा काढून विचारून आले. तिनं माहेरचं नाव सांगितलं. यादी सोबत जोडली आहे. सासूची तब्येत कशी आहे ते कळवा. खिटी झिजली असेल तर नत्थूभाऊंना सांगा, बाबा नवी पाठवतील.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली आहे, तिची परवानगी मागतो. आमच्यात दौलत नावाचा मुलगा आहे. हुशार आहे, हात फार चांगला आहे. तो अनाथाश्रमात वाढला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, साहेब, माझ्या पट्टीवर खालची ओळ कोरीच ठेवा. मी त्याला विचारलं, माझ्या मावशीचं नाव चालेल का? त्यानं होकारार्थी मान हलवली. यादीत त्याचं नाव सर्वांत शेवटी आहे. दौलत, आई कौतिका. मावशी, तेवढं नीट जुळवा.

तुमचा,
वामन, आई गिरजा"